दत्ताभाऊंची सुई: सोरायसिसवरच्या बायोलॉजिक उपचाराचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

दत्ताभाऊ हे खरं नाव नाही, आणि ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदलले आहेत. वय ४२. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी साड्यांच्या मोठ्या दुकानात वीस वर्षं सेल्समन. गादीवर मांडी घालून बसायचं, गिऱ्हाईक बोट दाखवेल ती साडी झटक्यात उलगडायची, पदर खांद्यावर टाकून दाखवायचा. लग्नाचा बस्ता काढायला आलेली माणसं त्यांचं नाव घेऊन विचारायची.

मी त्याच गावात जनरल प्रॅक्टिस करतो. त्यांचा मधुमेह, पोरांचे ताप, आईचं बीपी, सगळं माझ्याकडेच. सोरायसिस, म्हणजे कातडीवर लाल, खपलीचे चट्टे आणणारा आजार, तोही त्यातलाच एक, आणि माझ्याकडून त्याकडे बरीच वर्षं तसंच बघितलं गेलं.

एकोणिसाव्या वर्षी डोक्यात कोंडा म्हणून सुरुवात झाली. मग कोपरं, गुडघे, पाठ. मलमाच्या ट्यूब, डांबराचा शाम्पू, उन्हाळ्यात बरं, थंडीत वाईट. २०२१ मध्ये कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी एकाकडून पुड्या आणल्या. आठ दिवसांत कातडी नितळ झाली. महिन्याभरात चेहरा सुजला, साखर चढली. पुड्या थांबवल्या आणि चार दिवसांत सगळं अंग लालभडक होऊन पापुद्रे झडायला लागले. पुड्यांत स्टेरॉइड असणार. पोटात घेतलेलं स्टेरॉइड अचानक बंद केलं की सोरायसिस असा उसळतो. त्यांना कोल्हापूरला दाखल करावं लागलं.

तिथल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं. आठवड्यातून एकदाच घ्यायची ही गोळी आहे. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते, म्हणून वहिनींनी कॅलेंडरवर दर रविवारी लाल टिकली लावून ठेवली होती. आठ महिन्यांत निम्मा फरक पडला, पण यकृताचे आकडे तिप्पट झाले. सोनोग्राफीत यकृतावर चरबी होतीच. गोळी बंद. मग फोटोथेरपी, म्हणजे यंत्रातल्या अतिनील किरणांचा शेक. तो आठवड्यातून दोन-तीनदा घ्यावा लागतो आणि वीस-तीस बैठकी लागतात. एका बाजूला ४५ किलोमीटर, त्यात दुकानातली रजा. नऊ बैठकींनंतर सुटलं. अप्रेमिलास्टच्या गोळ्या चार महिने झाल्या. जुलाबांनी हैराण, फरक जेमतेम.

अडचण नेमकी काय होती

जानेवारी २०२३. संक्रांतीची गर्दी, काळ्या चंद्रकळांचे गठ्ठे फुटलेले. दत्ताभाऊंनी एक चंद्रकळा उलगडली आणि पदर खांद्यावर घेतला. खाली ठेवला तेव्हा काळ्या कापडावर पांढऱ्या खपल्या पडलेल्या. समोरच्या बाईंनी साडीवरचा हात मागे घेतला. काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या गादीवर गेल्या. संध्याकाळी मालकांनी सांगितलं, थोडे दिवस गोडाऊन बघा. पगार तोच राहिला, विक्रीवरचं कमिशन गेलं.

हे मला त्यांनी सांगितलं नाही. वहिनींनी सांगितलं, ते बाहेर चपला घालत असताना.

सोरायसिस संसर्गजन्य नाही. हात लावून, कपड्यांतून, एका ताटात जेवून तो होत नाही. गावात हे मी शंभर वेळा सांगितलं असेल. त्या गादीवर त्याचा उपयोग शून्य होता.

त्या आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदा पूर्ण कपडे उतरवून तपासलं. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे शरीराच्या साधारण एक टक्का कातडी. दत्ताभाऊंच्या अंगावर असे २२ तळहात भरले. लाली, जाडी, खपल्या आणि व्याप्ती यांवरून काढला जाणारा पासी नावाचा आकडा ० ते ७२ च्या मापावर असतो, त्यांचा १७.४ आला. रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो हे विचारणारी दहा प्रश्नांची यादी असते, तिच्यात ३० पैकी २१. दहाच्या वर गेलं की परिणाम फार मोठा मानतात. ‘कातडीमुळे जवळच्या माणसांशी काही अडचण?’ या प्रश्नाला त्यांनी बराच वेळ उत्तर दिलं नाही, मग सर्वांत वरच्या खणात खूण केली.

आणखी दोन गोष्टी दिसल्या. नखांवर बारीक खळगे, शिंप्याच्या अंगुस्तान्यावर असतात तसे. आणि सकाळी उठल्यावर अर्धा तास बोटं आखडलेली, टाच टेकवत नाही. टाचेचं दुखणं ते मला वर्षभर सांगत होते. मी वजनावर आणि मधुमेहावर टाकून मोकळा झालो होतो. हा सोरायसिसचा संधिवात होता. नखं धरली असतील तर त्याची शंका आधी घ्यायची असते. मी घेतली नव्हती.

समोरचे पर्याय

कोल्हापूरच्या बाईंनी बायोलॉजिकचा विषय काढला. दत्ताभाऊंचा पहिला प्रश्न होता, ‘गोळीत नाही का मिळत?’ प्रश्न अगदी रास्त आहे. बायोलॉजिक म्हणजे जिवंत पेशींमध्ये तयार केलेलं प्रथिन. पोटात गेलं की डाळीसारखं पचून जाईल, म्हणून ते कातडीखालीच टोचावं लागतं, आणि बनवायची रीतच अशी की स्वस्त पडत नाही. निरोगी माणसात कातडीची पेशी तळातून वर यायला साधारण महिना घेते, सोरायसिसमध्ये ती चार-पाच दिवसांत वर येते. शरीराची संरक्षणव्यवस्था चुकीचे निरोप पाठवत राहते म्हणून हे होतं. बायोलॉजिक त्यातला एखादा निरोप्या वाटेत धरतं. बाकीची व्यवस्था बऱ्यापैकी चालू राहते.

अडॅलिम्युमॅब हा एक पर्याय होता. तो टीएनएफ नावाच्या निरोप्याला अडवतो, सांध्यांवर चांगला, दर दोन आठवड्यांनी एक सुई. डिसेंबर २०१४ मध्ये झायडस कंपनीने त्याचं जगातलं पहिलं बायोसिमिलर, म्हणजे मूळ बायोलॉजिकच्या तोडीची प्रतिकृती, भारतात आणलं, त्यामुळे तो तुलनेने परवडतो. दुसरा सेक्युकिनुमॅब. हा इंटरल्युकिन-१७ए ला अडवतो, कातडीवर अधिक प्रभावी, सांध्यांनाही चालतो, पण महाग. इंटरल्युकिन-२३ अडवणारी औषधंही आहेत, दोन-तीन महिन्यांतून एकदाच घ्यायची. त्यांची किंमत ऐकून दत्ताभाऊंनी ती लगेच बाजूला ठेवली.

चौथा पर्याय होता काहीच नवं न करण्याचा. हा बोलायचा राहतो, पण बोलायला हवा. मलम, डांबर, वजन कमी करणं आणि गोडाऊन. वहिनींनी त्याला साफ नकार दिला.

अडॅलिम्युमॅब जवळपास ठरलं होतं. निर्णय फिरला तो रक्ताच्या एका रिपोर्टवर.

पहिल्या सुईआधीचे दोन महिने

बायोलॉजिक म्हटलं की लोकांना वाटतं, उद्या जायचं आणि टोचून घ्यायचं. आपल्याकडे तसं होत नाही, होऊही नये. छातीचा एक्स-रे, क्षयाची तपासणी, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, रक्तपेशी, यकृत, मूत्रपिंड. पोटाचा जुना आजार, विशेषतः आतड्यांचा दाह, आहे का ते विचारायचं, कारण इंटरल्युकिन-१७ अडवल्यावर तो उफाळू शकतो. लागणार असतील त्या लसी आधी द्यायच्या. उपचार सुरू झाल्यावर जिवंत जंतूंची लस चालत नाही.

दत्ताभाऊंचा एक्स-रे स्वच्छ होता, खोकला नाही, ताप नाही, वजन घटलेलं नाही. पण क्षयाची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली. नऊ वर्षांपूर्वी थोरल्या भावाला क्षय झाला होता आणि दोघं एकाच घरात राहत होते. जंतू शरीरात आहे, झोपलेला आहे, आजार नाही. टीएनएफ हा नेमका तो निरोप्या, जो या झोपलेल्या जंतूभोवतीची भिंत राखतो. तो अडवला तर जंतू जागा होण्याची भीती असते. इंटरल्युकिन-१७ च्या बाबतीत ती बरीच कमी. बाईंनी सेक्युकिनुमॅबकडे मोहरा वळवला.

मला हा निर्णय आजही बरोबर वाटतो. पण खर्च त्याच क्षणी कितीतरी वाढला, आणि आम्ही पैशाचा हिशोब नव्याने मांडला नाही.

छातीच्या डॉक्टरांनी प्रतिबंधक उपचार दिला: आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन, आठवड्यातून एकदा, असे १२ डोस. यकृताचे आकडे तोवर मूळ पदावर आले होते, तरी दर महिन्याला तपासायचे ठरलं. दुसऱ्याच दिवशी वहिनींचा घाबऱ्याघुबऱ्या फोन. ‘डॉक्टर, ह्यांची लघवी लाल झालीया, रक्त जातंय काय?’ रिफापेंटिनमुळे लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणीही नारिंगी-लालसर होतं. ते मी सांगायला हवं होतं. याच औषधामुळे मधुमेहाच्या गोळीचा असर उतरला, साखर वाढली, गोळी तात्पुरती वाढवावी लागली. महिनाभर प्रतिबंधक उपचार झाल्यावर, एप्रिल २०२३ च्या मध्यावर, पहिली सुई दिली.

काय अपेक्षा ठेवायची, हे पहिल्या सुईआधी बाईंनी नीट सांगितलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिक्स्चर या मोठ्या चाचणीत ३०० मिलिग्रॅम सेक्युकिनुमॅब घेतलेल्या शंभरातल्या ७७ जणांचा पासी बारा आठवड्यांत किमान ७५ टक्के उतरला, ५४ जणांचा किमान ९० टक्के. औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ सुईवर ७५ टक्के उतरलेले पाचच. म्हणजे खूप मोठी शक्यता आहे, हमी नाही. आणि हे नियंत्रण आहे, मुळापासून उच्चाटन नाही. दत्ताभाऊंनी मान हलवली. त्यांनी ऐकलं ते ‘७७’. ‘नियंत्रण’ हा शब्द ऐकलाच गेला नाही, हे मला वर्षभराने कळलं.

पहिले बारा आठवडे

पहिले पाच डोस आठवड्याच्या अंतराने, मग दर चार आठवड्यांनी. एका डोसला १५० मिलिग्रॅमची दोन पेनं. पेन फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायचं, गार औषध जास्त दुखतं. मांडी किंवा बेंबीपासून दोन इंच लांब पोट, दर वेळी जागा बदलायची, चट्ट्यावर टोचायचं नाही. पेन दाबून धरलं की ‘टक्’ होतं, थोड्या वेळाने दुसरं ‘टक्’, आणि खिडकीत हिरवी पट्टी भरली की झालं. दत्ताभाऊ दुसऱ्या डोसाला स्वतः टोचायला शिकले.

तिसऱ्या डोसाला फटका बसला. हेलपाटा वाचावा म्हणून दोन डोस एकदम आणले होते. घरचा फ्रिज एका दाराचा. मी ‘२ ते ८ अंशांत ठेवा’ एवढं सांगितलं होतं, कुठल्या कप्प्यात ते नाही. आईंनी महागाचं औषध म्हणून सगळ्यात गार जागी, फ्रीझरच्या खालच्या ट्रेमध्ये ठेवलं. सकाळी पेनांच्या खिडकीत बर्फ. गोठलेलं औषध वितळलं तरी वापरायचं नसतं. चारही पेनं गेली. एका डोसची किंमत त्यांच्या महिन्याच्या पगाराइतकी. आई देवापुढे बसून रडत होत्या आणि दत्ताभाऊ त्यांना समजावत होते. नवा डोस येईपर्यंत पाच दिवस उशीर झाला, उपचाराच्या दृष्टीने तो फारसा महत्त्वाचा नव्हता.

सर्वांत आधी गेली ती खाज, दुसऱ्या आठवड्यातच. वीस वर्षांत पहिल्यांदा सलग झोपलो, असं ते म्हणाले. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात खपल्या थांबल्या. वहिनींनी सकाळी अंथरूण झटकलं आणि खाली काही पडलं नाही, ते त्यांनी मला दवाखान्यात येऊन सांगितलं. बाराव्या आठवड्यात पासी १.६. बोटांची आखड गेली, टाच मात्र चौथ्या महिन्यात सुटली. नखांना सगळ्यात उशीर. नख मुळापासून नवं वाढावं लागतं, त्याला सहा महिने तरी धरावेत.

तरीही बाराव्या आठवड्यात ते खट्टू होते. चट्टे सपाट झाले होते, पण जागोजागी तपकिरी आणि कुठे फिकट डाग. आपल्या सावळ्या कातडीवर हे हमखास राहतात आणि विरायला महिने लागतात. हाताला गुळगुळीत लागतं का, हा खरा निकष. हे आधी सांगितलं असतं तर एक निराशा टळली असती.

दुष्परिणाम म्हणाल तर दोनदा सर्दी-घसा, आणि चौथ्या महिन्यात जिभेवर पांढरा थर. इंटरल्युकिन-१७ अडवल्यावर बुरशीचा हा संसर्ग होतो, मधुमेह्यात जास्त. औषधाने आठवड्यात गेला, सुई थांबवावी लागली नाही.

पैसा आणि विमा

दुकानाची सामूहिक आरोग्य विमा पॉलिसी होती. तिची आठवण मालकांनीच करून दिली, ज्यांनी गोडाऊनला पाठवलं होतं त्यांनीच. पहिला दावा नामंजूर झाला: ‘चोवीस तास दाखल नाही, बाह्यरुग्ण उपचार.’ इथे बहुतेक जण सोडून देतात. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची एक यादी काढली, जे उपचार आरोग्य विम्यातून सरसकट वगळता येत नाहीत. सुईने दिलेली मोनोक्लोनल अँटिबॉडी, म्हणजे एकच ठरावीक निरोप्या धरणारं बायोलॉजिक प्रथिन, त्या यादीत आहे. सेक्युकिनुमॅब तीच आहे. हे लिहून, तज्ज्ञांचं पत्र जोडून, तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज केला. विमा लोकपालाकडे जायचीही तयारी ठेवली होती, पुण्यात त्यांचं कार्यालय आहे. तिथवर जावं लागलं नाही. दावा मंजूर झाला, पण मर्यादेसह: विमा रकमेच्या निम्म्यापर्यंतच, आणि डे-केअरमध्ये, म्हणजे रुग्णालयात दिवसापुरतं जाऊन, घेतलेले डोस तेवढे. घरी टोचलेले बसले नाहीत.

ती मर्यादा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

सगळ्यात मोठा निर्णय, जो कुणी घेतलाच नाही

दिवाळीच्या हंगामात दत्ताभाऊ गादीवर परत बसले होते. अंग स्वच्छ, विमा संपलेला, डोसाची तारीख नोव्हेंबरात. त्यांनी ती जाऊ दिली. मला सांगितलं नाही, बाईंना सांगितलं नाही. ‘बरा झालोय, आता कशाला’ असा त्यांचा हिशोब होता, आणि मुलीच्या अकरावीची फी समोर होती.

सुई बंद केल्यावर सोरायसिस लगेच येत नाही, तिथेच फसगत होते. महिना जातो, तीन जातात, खात्री पटत जाते. मार्च २०२४ मध्ये कोपरांवर नाण्याएवढे चट्टे. त्यांनी जुनी ट्यूब काढली. एप्रिलात टाच दुखायला लागली तेव्हा आले. पासी ९.८.

मी रागावलो नाही. रागवायचं असतं तर स्वतःवर. सहा महिने त्यांच्या फाइलवर पुढच्या डोसाची नोंद नव्हती आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मधुमेहाचा रुग्ण गोळ्या न्यायला आला नाही तर माझी कंपाउंडर फोन करते. सुईचा रुग्ण माझ्या वहीत नव्हताच, तो ‘कोल्हापूरचा’ होता.

पुढे काय केलं आणि काय निघालं

पुन्हा एक्स-रे, पुन्हा यकृत. क्षयाची रक्ततपासणी पुन्हा केली नाही. एकदा पॉझिटिव्ह आलेली तपासणी उपचारानंतरही तशीच राहू शकते, तिच्यातून नवं काही कळत नाही. मे २०२४ मध्ये आठवड्याच्या डोसांपासून नव्याने सुरुवात. या वेळी वेग थोडा कमी होता, पासी दोनच्या खाली यायला सोळा आठवडे लागले. बंद-चालू करत राहिलं तर काही रुग्णांत औषधाचा असर उतरतो, ही भीती होतीच. त्यांच्या बाबतीत तसं झालं नाही.

पण या वेळी सुई टोचण्याआधी आम्ही चौघं, दत्ताभाऊ, वहिनी, त्यांचा मेव्हणा आणि मी, दवाखाना बंद झाल्यावर कागद घेऊन बसलो. पुढच्या बारा महिन्यांचे डोस, विम्याच्या नव्या वर्षाची मर्यादा कुठपर्यंत पुरते, कंपनीच्या रुग्ण-साहाय्य योजनेतून काय मिळतं, बाकी कुठून. मेव्हण्याने विचारलं, ‘आणि पैसे संपले तर?’ हा प्रश्न पहिल्या वेळी कुणी विचारलाच नव्हता. उत्तर ठरवून लिहिलं: न सांगता थांबायचं नाही, संपत आले की दोन महिने आधी बाईंकडे जायचं, तोवर स्वस्त पर्यायाकडे नीट वळता येतं का ते बघायचं.

वजन ८८ वरून ८१ किलोवर आलं आहे. दोन्ही पोटऱ्यांवर तळहाताएवढं काही ना काही राहतंच, थंडीत थोडं वाढतं. त्याला मलम पुरतं.

काय वेगळं करता आलं असतं

टाच आणि नखं मी वर्षभर आधी एकत्र बघायला हवी होती. सांधा एकदा झिजला की कुठलीच सुई तो परत आणत नाही, दत्ताभाऊंचे सांधे वाचले ते नशिबाने. क्षयाची तपासणी पर्याय ठरवण्याआधी झाली असती तर अडॅलिम्युमॅबच्या किमतीवर बांधलेला हिशोब कोसळला नसता. फ्रिजचा कप्पा मी आता बोटाने दाखवतो: मधला, मागच्या भिंतीला न टेकता, दारात नाही. दाखवायला घरी जावं लागलं तरी जातो.

आणि ‘बरे होणार’ हा शब्द आम्ही सगळ्यांनीच सैल वापरला. मधुमेहाच्या गोळीबद्दल दत्ताभाऊंना कधी वाटलं नाही की साखर उतरली, आता बंद. कारण तिथे पहिल्या दिवसापासून मी ‘कायमची’ म्हणालो होतो. सुईच्या वेळी ते म्हणायला जीभ रेटली नाही, इतका आनंद होता सगळ्यांना.

गेल्या महिन्यात ते मुलीला घेऊन आले. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलांत शक्यता वाढते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी स्वतःच तिचे केस बाजूला करून कानामागची जागा दाखवली, रुपयाएवढी, पांढरट. पोरगी लाजली नाही. म्हणाली, ‘पप्पांचं बघितलंय की मी सगळं.’ तिला सध्या मलम आणि डांबराचा शाम्पू दिलाय, आणि नखं दर महिन्याला दाखवायला सांगितलंय.